श्रीशिल्लक : गोमंतकातील आत्मपर लेखनाचा एक आढावा

रोज थोडेथोडे स्वतःविषयी लिहायचे, आणि काही वर्षांनी आयुष्याला वळण लागले की मागचे सगळे चाळून पाहायचे, या सवयीचे मूळ गोव्यात वाङ्मयात शोधण्यापेक्षा दुकानाच्या रोजकीर्दीत शोधावे. पानाच्या माथ्यावर ‘श्री’, खाली तिथी, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. दिवस संपला की शिल्लक काढायची. दिवाळीत नवी वही पुजली जाते, पण तिची पहिली ओळ नवी नसते. जुन्या वहीतली श्रीशिल्लक तिथे ओढावी लागते. कधी हिशेबाच्या कडेला घरातले बाळंतपण किंवा पुराचे पाणी कुठवर आले याची ओळही येते. आत्मचरित्राला नेमके हेच लागते: तारीख, नोंद आणि मागची बाकी.

या वह्यांची मराठी टिकण्यामागे इतिहास आहे. डिचोली महाल पोर्तुगीजांकडे 1781च्या सुमारास गेला आणि पेडणे 1788मध्ये. तिसवाडी, बारदेश, साष्टीच्या मानाने हा मुलूख अडीच शतके उशिरा त्यांच्या हाती आला. त्यामुळे या नव्या काबिजादीत देवळाचा कारभार, कीर्तन आणि हिशेब यांची मराठी तुटली नाही. पेडण्यातल्या पाल्ये गावी 1714मध्ये जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये हे बांद्याचे कुलकर्णी. म्हणजे हिशेबाच्या वह्यांतच वावरणारा माणूस. कुलकर्णीपण सोडून ते अध्यात्माकडे वळले आणि ‘महदनुभवेश्वरी’सारखे ग्रंथ लिहिले. त्यांच्या लेखनात अनुभव मुबलक आहे, पण तारखा नाहीत. संतकवीकडून त्या मागणेही बरे नव्हे. 

आधुनिक अर्थाने वळणावर उभे राहून मागे पाहणारा पहिला मोठा गोमंतकीय लेखक म्हणजे धर्मानंद कोसंबी. साखवाळला 1876मध्ये जन्म, शाळा जेमतेम, घरी नारळाची बागायत. ‘बालबोध’ मासिकातले बुद्धाचे छोटे चरित्र वाचून मनात जे घर करून बसले, त्यापायी 1899च्या अखेरीस पत्नी आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते पुण्याला निघाले. पुढे काशी, नेपाळ आणि सिंहल. 1902मध्ये तिथे भिक्षूची दीक्षा. 1910नंतर हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन. हे सारे ‘निवेदन’ या आत्मकथनात आले. पुस्तक 1924चे, पण त्याआधी त्याचा काही भाग गोव्यातल्या ‘भारत’ पत्रात क्रमशः छापून आला होता. वाचकाला पुढे काय झाले हे ठाऊक नसताना हप्त्याहप्त्याने स्वतःची हकीगत सांगणे ही वेगळी शिस्त आहे. त्यात नंतरचे शहाणपण आधीच्या पानात घुसवता येत नाही.

‘निवेदन’चे बळ आणखी एका गोष्टीत आहे. तरुणपणीच्या रोजनिशीतले उतारे कोसंबींनी त्यात दिले आहेत. त्यांत धरसोड आहे, स्वतःवरचा वैताग आहे, घर सोडावे की नाही याची घालमेल आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या, नाव झालेल्या पंडिताला ती पाने गाळता आली असती. त्यांनी जुनी बाकी नव्या वहीत आहे तशी ओढली. त्यामानाने आपल्याकडची बरीच आत्मचरित्रे पैलू पाडलेल्या सत्काराच्या भाषणांसारखी वाटतात.

लक्ष्मणराव सरदेसायांचे वळण भाषेचे होते. डिचोलीतल्या आमोण्याहून पुलाने मांडवी ओलांडली की खांडोळे, माशेल, आणि तसेच पुढे गेले की त्यांचे सावईवेरे. जन्म 1904चा. मराठी कथाकार म्हणून त्यांचे नाव गोवामुक्तीच्या कितीतरी आधी झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंग पाहिला. मुक्तीनंतर ते कोंकणीकडे वळले आणि 1982मध्ये त्यांच्या कोंकणी निबंधांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी-कोंकणी भाषावादाच्या धामधुमीत काहींना हे पक्षांतर वाटले. निबंध वाचणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नाही. वही बदलली तरी हिशेब त्याच गावाचा, त्याच माणसांचा होता.

सीमेपलीकडचे जयवंत दळवी यांनी तिसरी तऱ्हा दाखवली. जन्म 1925चा, गोव्यातल्या हडफड्याचा. गाव आरवली, तेरेखोल ओलांडली की फार दूर नाही. गाव त्यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये उघडपणे सांगितले, आणि ‘ललित’मधल्या ‘घटका गेली पळे गेली’ या सदरात मात्र ठणठणपाळ हा मुखवटा चढवून वर्षानुवर्षे मराठी साहित्यव्यवहाराची रेवडी उडवली. मुखवट्यामागचा माणूस सदरातही कळतोच, किंबहुना जास्त कळतो.

19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त होईपर्यंत इथे छपाईवर सेन्सॉरची नजर होती. 24 मार्च 1962ला ‘गोमन्तक’ दैनिक निघाले, पुढच्या वर्षी मडगावहून ‘राष्ट्रमत’, नंतर ‘नवप्रभा’. साप्ताहिक सदरे सुरू झाली. शिक्षक, डॉक्टर, भजनी बुवा, निवृत्त कारकून लिहू लागले आणि सदरांची पुस्तके झाली. या पुस्तकांत एक खोड सर्रास दिसते: लेख एकत्र करताना तारखा काढून टाकल्या जातात. मग खाणी जोरात असतानाचा मजकूर कोणता आणि 2012मध्ये त्या बंद पडल्यानंतरचा कोणता, हे वाचकाने ताडावे लागते. मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना पाहून लिहिलेले पान आणि रिकामी नदी पाहून लिहिलेले पान एकाच रंगाचे होते. हे नुकसान टाळण्याजोगे आहे.

रोजनिशी न छापणाऱ्यांचे नुकसान याहून मोठे. चार महिन्यांचा पाऊस, कसर आणि वाळवी यांपुढे गोव्यात कागद टिकत नाही. पणजीच्या पाटो भागातले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832पासूनचा वारसा सांगते. डिचोली-पेडण्यात ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या रोजकीर्दी आणि वह्या असतील, त्यांनी यंदा दिवाळीची साफसफाई करताना त्या रद्दीत घालू नयेत. उन्हात वाळवाव्यात, पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि साल घालावे, आणि ग्रंथालयात विचारून पाहावे.