बीजा आणि रक्तचंदन

भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्याच्या जंगलात बीजा नावाचा उंच वृक्ष आढळतो. काही ठिकाणी त्याला बिबळा म्हणतात. खोडावर कुऱ्हाडीचा घाव बसला की त्यातून लालभडक डिंक वाहतो; जणू झाडाला रक्तच आले! त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर पाणी ठेवले, तर सकाळी उन्हात त्यावर निळी झाक दिसते. वर्गात एका मुलाने असा पेला आणला, तेव्हा सारी मुले खिडकीकडे धावली. मधुमेहाचे रोगी हे पाणी पितात. पण त्यासाठी डॉक्टरांचे औषध सोडू नये.

रक्तचंदन हा बीजाचा जवळचा भाऊ. नावात चंदन असले तरी तो चंदनाच्या कुळातला नाही. हे दोघेही तूर-हरभऱ्याच्या कुळातले आहेत! दोघांची शेंग रुपयासारखी गोल व चपटी असते. मधोमध बी आणि भोवती पातळ पंख. पाने मात्र वेगळी. रक्तचंदनाच्या पानात बहुधा तीन पर्णिका असतात, बीजाच्या पानात पाच ते सात.

रक्तचंदन आंध्र प्रदेशातील शेषाचलमच्या डोंगरांत वाढते. त्याच्या परदेशी व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन आहे, तरीही तस्करी थांबली नाही. जागतिक लाल यादीत ते आज 'संकटग्रस्त' आहे. बीजा त्याच यादीत 'संकटसमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. पण त्याची बातमी सहसा छापून येत नाही. लाकडासाठी तो तोडला जातो, औषधासाठी त्याची साल काढली जाते. शिवाय त्याची टणक शेंग आपोआप उकलत नाही, म्हणून बी सहज रुजत नाही आणि तुटलेल्या झाडाची जागा बराच काळ रिकामी राहते.