बॅटचा मार्ग आणि नवोदित फलंदाज

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बऱ्याच मुलांचा क्रिकेटशी पहिला परिचय मोकळ्या रानात, टेनिस चेंडूने होतो आणि फलंदाजीतील ज्या सवयी पुढे सुटता सुटत नाहीत, त्यांपैकी अनेकींचे मूळ या चेंडूच्या स्वभावात असते. त्याचे वजन 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास, तर ‘सीझन बॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चामड्याच्या चेंडूचे 156 ते 163 ग्रॅम असते. हलका चेंडू उंच उसळतो, खालच्या हाताच्या जोरावर लेगच्या बाजूला सहज भिरकावता येतो आणि त्यामुळे आडव्या बॅटला धावा मिळत राहतात. फेब्रुवारी 2020 मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला, तेव्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट या मुलांच्या दारी आले. परंतु तिथवर जाण्याची वाट सीझन बॉलवरूनच जाते आणि तेथे आडव्या बॅटची ही सवय आड येते.

बॅटचा मार्ग म्हणजे मागे उचललेली बॅट खाली येऊन चेंडूला भेटेपर्यंत आणि त्यापुढेही ज्या रेषेत फिरते ती रेषा. ताशी 108 किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागात 30 सेंटिमीटर पुढे सरकतो. बॅट त्याच्याच रेषेत येत असेल तर फटक्याची वेळ थोडी चुकली तरी चेंडू बॅटवर येतो; परंतु ती गलीकडून मिडविकेटकडे आडवी जात असेल, तर जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर रुंदीची फळी त्या रेषेवर क्षणभरच असते आणि फलंदाज पायचीत होतो, त्रिफळाचीत होतो किंवा कड लागून झेल देतो.

मार्गाइतकेच महत्त्व बॅटच्या तोंडाला, म्हणजे सपाट पृष्ठभाग कोणत्या दिशेला वळला आहे याला असते. गोल्फमध्येही नवशिक्याची काठी बाहेरून आत येते आणि तिचे तोंड त्या मार्गाच्या मानाने उघडे राहिल्यास उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळत जातो. क्रिकेटमध्ये खालचा हात घट्ट आवळला की तोंड वेळेआधी बंद होते आणि पुढच्या कडेला लागलेला चेंडू हवेत उडतो; मार्गाचा आणि तोंडाचा असे हे दोन दोष एकत्र दिसले तरी त्यांचे उपाय वेगळे असतात, म्हणून आधी त्यांची फोड करणे आवश्यक ठरते.

बॅट मागे कोठे उचलली जाते यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. डॉन ब्रॅडमन यांची बॅट मागे स्लिपच्या दिशेने जात असे आणि स्टीव्ह स्मिथ याची गलीकडे जाते. खाली येताना ती वळसा घेऊन चेंडूच्या रेषेत येते आणि निर्णायक बाब तीच आहे. नवोदितांच्या बाबतीत खरा अडथळा अनेकदा हातांत नसून पायांत असतो: पुढचा पाय यष्टींच्या समोर आडवा पडला की बॅटला पॅडला वळसा घालावाच लागतो, डोके ऑफच्या बाजूला कलते आणि मग हातांना कितीही सूचना दिल्या तरी मार्ग सुधारत नाही. पाय चेंडूच्या रेषेच्या किंचित आत ठेवून पंजा पुढे वळवला, तर बॅटला जाण्यास जागा मिळते.

मार्गाच्या दोषाची परीक्षा मोज्यात घालून दोरीला टांगलेल्या चेंडूवर उत्तम होते, कारण सरळ बॅटने मारलेला चेंडू साधारण त्याच रेषेत परत येतो, तर आडव्या बॅटने मारलेला गोल फिरू लागतो आणि प्रशिक्षकाने काही बोलण्यापूर्वीच मुलाला चूक कळते. त्यानंतर जमिनीवर फक्कीच्या दोन समांतर रेषा आखून त्यांच्या पट्ट्यातून बॅट पुढे नेण्याचा सराव आधी चेंडूविना आणि मग खालून हळू टाकलेल्या चेंडूवर करावा. लहान, हलकी बॅट केवळ वरच्या हाताने धरून मारलेले फटके खालच्या हाताची दांडगाई कमी करतात. नेटमध्ये पूर्ण वेगाची गोलंदाजी लगेच सुरू केली, तर भीतीपोटी शरीर जुन्याच हालचालीकडे वळते, म्हणून वेग टप्प्याटप्प्याने वाढवणे इष्ट.

पूल, कट आणि स्वीप हे फटके मुळातच आडव्या बॅटचे असल्यामुळे टेनिस चेंडूवर कमावलेले कसब पुसून टाकण्याची मुळीच गरज नाही. आखूड टप्प्याच्या चेंडूवर ते उपयोगी पडते आणि सरळ बॅट अंगवळणी पडल्यावर, टप्पा ओळखून, त्याचा सराव पुन्हा सुरू करता येतो.