श्वासातून औषध (भाग ६) : सोडलेला श्वास कुठे जातो?

आज पैशांचा हिशेब मांडायचा होता. श्वासातून कॅन्सरचं औषध देण्याच्या संशोधनासाठी दोन विद्यापीठांत मिळून केलेल्या संयुक्त पीएचडीत स्टायपेंड कोण देतं, फी कुठल्या विद्यापीठात भरायची, विमा कोणाच्या नावावर निघतो, हे सगळं. तो हिशेब पुढच्या आठवड्यावर ढकलला आहे, कारण वॉर्डात काम करणाऱ्या एका परिचारिकेचं पत्र आलं. त्या लिहितात, दम्याच्या पेशंटला वाफ देताना बरीचशी वाफ मास्कच्या कडेने वॉर्डातच पसरते. उद्या कॅन्सरचं औषध याच मार्गाने द्यायचं ठरलं, तर ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या आणि आमच्या छातीत जाणार नाही का?

या विषयावर पीएचडीसाठी जे प्रस्ताव लिहिले जातात, त्यांत पहिल्या पानावर ट्यूमर असतो, दुसऱ्यावर औषध आणि तिसऱ्यावर कणांचा आकार. पेशंटच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जागा मिळालीच तर शेवटी मिळते.

आधी वाफेचं गणित पाहू. साधा नेब्युलायझर पेशंटच्या श्वासाकडे बघत नाही, एकदा चालू केला की सतत तुषार सोडत राहतो. माणसाला मात्र श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण दुप्पट वेळ तो सोडायला लागतो. त्या सोडण्याच्या वेळात तयार झालेले तुषार आत जातच नाहीत. जे आत जातात त्यांतले ५ मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक घशातच आदळतात. १ ते ५ मायक्रॉनचे खोलवर पोचतात. त्याहून बारीक असलेल्यांपैकी बरेच फुफ्फुसात फेरी मारून उच्छ्वासाबरोबर परत येतात. दम्याच्या सॅल्ब्युटामॉलच्या बाबतीत ही गळती कोणी फार मनावर घेत नाही. कॅन्सरवरच्या सिस्प्लॅटिनच्या बाबतीत ती घ्यावीच लागते. ते पेशींच्या डीएनएला चिकटून काम करतं आणि पेशी कोणाची आहे हे बघत नाही.

परिचारिकांनी हा प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ नव्हे. अमेरिकेत १९८५ साली रिबाव्हायरिन या औषधाला श्वासावाटे देण्यासाठी मान्यता मिळाली. आरएसव्ही या विषाणूने गंभीर आजारी पडलेल्या तान्ह्या बाळांसाठी ते होतं. बाळाच्या डोक्याभोवती पारदर्शक टोप लावायचा आणि त्यात दिवसाचे १२ ते १८ तास औषधाचे तुषार सोडायचे. टोप काही हवाबंद नसे, आणि दूध पाजायला, कपडे बदलायला तो वारंवार उचलावा लागे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधाने गर्भाला इजा होते असं दिसलं होतं, त्यामुळे गरोदर परिचारिकांनी त्या खोलीत जावं की नाही यावर मोठा वाद झाला. हवेत औषध आहे याचा एक पुरावा तर अगदी डोळ्यांत सापडला: कर्मचाऱ्यांच्या कॉन्टॅक्ट लेन्सवर रिबाव्हायरिनचा थर बसून लेन्स खराब झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे.

त्यानंतर पेंटामिडिन आलं. एड्सच्या रुग्णांना होणारा एक न्यूमोनिया टाळण्यासाठी ते वाफेतून देत. या वाफेने खोकला उसळतो, आणि त्याच रुग्णाला न ओळखलेला क्षय असेल तर खोकल्याबरोबर क्षयाचे जंतूही खोलीत येतात. म्हणून हवा बाहेर खेचून गाळणारे बंदिस्त कक्ष वापरात आले. आज श्वासातून केमोथेरपी देण्याची तयारी करणारं रुग्णालय याच अनुभवावर उभं असतं.

केमोथेरपीच्या चाचण्या झाल्या त्या अशाच बंदोबस्तात. ओहायोतल्या संशोधकांनी २००७ साली डॉक्सोरुबिसिनच्या पहिल्या टप्प्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात ५३ रुग्ण होते आणि उपकरणच असं होतं की सोडलेला श्वास खोलीत न येता गाळणीतून जावा. त्याच वर्षी मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या सिस्प्लॅटिनची चाचणी १७ रुग्णांवर झाल्याचं प्रसिद्ध झालं. शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला जो त्रास होतो, तो तिथे दिसला नाही. फ्रान्समधल्या तूर शहरात एतिएन लमारिए यांच्या गटाने जेमसिटाबिनचे तुषार ११ रुग्णांना दिले, तो अहवाल २०११चा.

मेदाच्या त्या पिशव्यांचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. ट्रान्सेव्ह या अमेरिकी कंपनीचं ते तंत्र. कंपनी इन्समेडमध्ये विलीन झाली, सिस्प्लॅटिन मागे पडलं, आणि तशाच पिशव्यांत अमिकासिन हे प्रतिजैविक भरून केलेल्या औषधाला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, फुफ्फुसाच्या एका चिवट जंतुसंसर्गासाठी. कॅन्सरच्या नावाने झालेली मेहनत दुसऱ्याच आजाराच्या कामी आली. अमिकासिन देताना परिचारिकेला बंदिस्त कक्ष लागत नाही, हा फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे.

मग तुषारच नकोत, असा विचार ब्रुसेल्सच्या फ्रेंचभाषक मुक्त विद्यापीठात झाला. करीम अमिगी आणि नातली वोतो यांचा गट तिथे सिस्प्लॅटिनची कोरडी भुकटी बनवतो. कॅप्सूल फोडून ओढायचं रोटाहेलरसारखं साधन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यात पेशंटने श्वास ओढला तरच भुकटी उडते. सोडण्याच्या वेळात काहीच तयार होत नाही, त्यामुळे हवेत जाणारा वाटा बराच कमी होतो. पण अडचण मात्रेची आहे. दम्याच्या कॅप्सूलमध्ये औषध असतं २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, बाकी लॅक्टोज. केमोथेरपीला मिलिग्रॅम लागतात. म्हणजे भुकटीत भरताड घालायला जागाच उरत नाही, जवळजवळ सगळं औषधच. शिवाय ते फुफ्फुसात एकदम विरघळून रक्तात जाऊ नये म्हणून त्याला मेदाचं आवरणही हवं.

पत्रातल्या प्रश्नाचं दुसरं टोक इथे सापडतं. भुकटी पेशंटपर्यंत पोचण्याआधी ती कोणीतरी तयार करतं, वजन करतं, चाळतं, कॅप्सूलमध्ये भरतं. तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा पीएचडीचा विद्यार्थी. कण जितका चांगला जमेल, तितका तो विद्यार्थ्याच्याच फुफ्फुसात खोलवर जायला लायक! म्हणून तराजूसुद्धा बंद कपाटात असतो, हातमोजे दुहेरी असतात आणि बाहेर जाणारी हवा गाळली जाते. एक सोय मात्र आहे. सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनम आहे आणि प्लॅटिनम अत्यल्प असलं तरी यंत्राला सापडतं. ज्या पद्धतीने प्रयोगातल्या उंदराच्या मूत्रपिंडात ते किती पोचलं हे कळतं, तशाच पद्धतीने टेबल पुसलेल्या बोळ्यावर किती उरलं हेही कळतं.

संयुक्त पीएचडीची गरज इथे नीट दिसते. भुकटी बनवणारा औषधनिर्माणशास्त्राचा गट, उंदरांवर ट्यूमर वाढवून बघणारा गट आणि रुग्णांवर चाचणी घेऊ शकणारं रुग्णालय एकाच आवारात क्वचित असतात. फ्रान्सने १९९४ साली परदेशी विद्यापीठासोबत दोन गाइडच्या हाताखाली एकच थिसिस करण्याची रीत नियमात बसवली, नंतर २००५ आणि २०१६ साली ते नियम सुधारले. नाव दोन्हीकडे नोंदवायचं, व्हायवा एकदाच. आपल्याकडे पवईत आयआयटी मुंबई आणि मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाची संयुक्त अकादमी २००८पासून दोन्ही नावांची पदवी देते. रामन-शार्पाक फेलोशिप मात्र यात धरू नये. भारत आणि फ्रान्समधल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ती दुसऱ्या देशात काही महिने काम करू देते, पदवी संयुक्त करत नाही.

दोन विद्यापीठांच्या करारात थिसिसची भाषा, फी, निकालांवरचा हक्क हे सगळे वाचतात. भुकटी एका देशात बनते आणि उंदीर दुसऱ्या देशात असतो, तेव्हा मधल्या प्रवासात आणि हाताळणीत विद्यार्थ्याला बाधा झाली तर जबाबदारी कोणाची, हे कलम कोणी शोधत नाही. पीएचडीच्या मुलाखतीत उमेदवाराने उलट विचारावं: प्रयोगशाळेत साधन कोणतं वापरता, प्राण्यांच्या कक्षातली हवा कुठे जाते आणि टेबलं पुसून प्लॅटिनम शेवटचं कधी मोजलं? चौथा प्रश्न विम्याचा, आणि पुढच्या आठवड्यात हिशेबाला तिथूनच सुरुवात होईल.