धरमपेठेतले बिऱ्हाड

मध्यप्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांताची राजधानी नागपुरास होती, त्या काळात सरकारी नोकरीच्या आशेने दूरदूरच्या मुलखांतून जी माणसे या शहरात आली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले माझे वडील हे एक होते. बोटीने मुंबई आणि तेथून मेलने नागपूर असा प्रवास करून ते सचिवालयात कारकून म्हणून रुजू झाले आणि धरमपेठेत दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटून राहिले; परंतु पेन्शन मुकरर होताच कोकणात परतावयाचे हा त्यांचा बेत इतका पक्का होता की, कपाट म्हणून त्यांनी घरात घेतले नाही. भिंतीशी ट्रंका लावलेल्या असत आणि आमचा सारा संसार त्यांत मावत असे. अशा या गृहस्थांना पुढे जे नागपूरकरपण आले ते नोकरीमुळे नव्हे, तर दुखण्यामुळे आले.

१९५४ च्या सुमारास त्यांना संध्याकाळी कसर येऊ लागली, खोकल्यातून रक्त पडले आणि क्ष-किरणांच्या तपासणीत क्षयाचे निदान झाले. त्याच्या दहा वर्षे आधी हे निदान म्हणजे बहुधा निरोपच असे. विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि फुफ्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत हवा भरणे, याखेरीज वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. तथापि १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शात्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध सापडले होते, त्यामागून पॅस आले होते आणि १९५२ पासून आयसोनियाझिडही उपलब्ध झाले होते. तेव्हा वडिलांचे दुखणे दारुण असले तरी त्याची वेळ सुदैवाची होती. इंजेक्शनांनी दंड आणि मांड्या दुखत, पॅसने पोटात ढवळून येई, परंतु ताप उतरत गेला.

मिरजेस किंवा पाचगणीस आरोग्यधामात ठेवावे, असा सल्ला अनेकांनी दिला. पण तेथील खाट आणि खर्च ही दोन्ही कारकुनाच्या आटोक्याबाहेरची असल्याने उपचार घरीच करावयाचे ठरले. आणि नेमके येथेच औषधांहून अवघड असे प्रकरण उभे राहिले, ते घराचे. ज्या मालकांशी आमचा वर्षानुवर्षांचा घरोबा होता, त्यांनी अत्यंत मृदू शब्दांत जागा खाली करावयास सांगितले. परमुलखातून आलेल्या माणसाला ना भाऊबंद, ना गोतावळा. त्याच्या पाठीशी काय ते चार ओळखीचे चेहरे, आणि तेच फिरले म्हणजे त्याने जावे कोठे?

धरमपेठेतच पलीकडच्या गल्लीत आम्हांला दुसरी जागा मिळाली, ती एका मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, घरी. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर गावचा वाडा सोडून ही मंडळी शहरात आली होती, म्हणजे एका अर्थी तीही आमच्यासारखीच उपटून आलेली. डॉक्टरांनी वडिलांना अंडी सांगितली होती आणि आईच्या सोवळ्या स्वयंपाकघरात अंडे येणे अशक्य होते. तिची ही अडचण ओळखून मालकीणबाई म्हणाल्या, “तुम्ही कायले चूल बाटवता, वहिनी? अंडं माह्या घरून उकडून येईल.” त्या दिवसापासून सकाळी एका झाकलेल्या वाटीत मीठ-मिरपूड लावलेले अंडे दाराशी येई आणि वाटी घेताना आई नजर दुसरीकडे वळवी. वडिलांच्या थुंकीचे फिनेल घातलेले भांडे, त्यांची निराळी ताटवाटी, उन्हात टाकलेले अंथरूण, हे सर्व त्या अंगणात उघड्यावर असे. पण त्यावरून कोणी कुरकुरल्याचे मला स्मरत नाही.

पुढे १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतील रुग्णाने घरीच राहून वर्षभर नियमाने औषधे घेतली, तर आरोग्यधामातील रुग्णाइतकाच तो सुधारतो आणि त्याच्या घरी राहण्याने कुटुंबीयांना अधिक लागण होत नाही, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले आणि जगभर क्षयोपचाराची दिशा पालटली. आमच्या घराने हाच अनुभव कोणत्याही शास्त्राच्या आधारावाचून आधीच घेतला होता.

वडील बरे होऊन कामावर हजर झाले, तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपण संपले. दप्तरे बांधली गेली; कोणी भोपाळचा रस्ता धरला, कोणी मुंबईचा. मुंबई म्हणजे कोकणाची निम्मी वाट, त्यामुळे वडील आनंदाने जातील असे सर्वांस वाटले होते. परंतु त्यांनी नागपुरातच एखाद्या कचेरीत नेमणूक व्हावी अशी दरखास्त केली आणि सुदैवाने ती मंजूर झाली. मुंबईची दमट हवा छातीस सोसणार नाही, हे कारण अर्जात होते. ज्या अंगणात आपण वाचलो ते सोडवत नाही, हे अर्जात लिहिण्याजोगे नव्हते. त्याच वर्षी गोकुळपेठेतील एका सुताराकडून त्यांनी सागवानी कपाट करवून घेतले. पुढे पेन्शन झाली, पण कोकणात परतण्याची गोष्ट घरात निघाली नाही.

आता सहा महिन्यांच्या औषधांनी साधा क्षय बरा होतो, सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळतात, आणि पोषणासाठी २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात रक्कमही जमा होते. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून संसर्गाचे भय उरत नाही. तरीही आजच्या धरमपेठेत खोली घेऊन राहणारा परगावचा विद्यार्थी वा कामगार आजार सांगण्यास कचरतो, तो औषधाच्या भीतीने नव्हे, जागा जाण्याच्या भीतीने; आणि लपविलेला क्षयच खरोखर पसरतो. म्हणून ज्यांच्या घरात भाडेकरू आहेत त्यांस एवढीच विनंती आहे की, भाडेकरूला क्षय झाल्याचे कळले, तर त्याला जागा सोडावयास सांगू नये. औषध वेळेवर घेतोस ना, एवढे विचारावे.