मोटारदुरुस्तीची मजुरी आणि जबाबदारी

कारखान्यांत आठवडाभर फिटरचें काम करणारा किंवा एखाद्या मोठ्या गॅरेजांत नोकरीस असलेला कारागीर रविवारीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करतांना शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गांवींहि आढळतो. त्याच्या दाराला पाटी नसते, छापील पावती नसते आणि मजुरीचा प्रश्न निघाला म्हणजे तो संकोचानें म्हणतो, “तुम्हांला योग्य वाटेल तें द्या.” हें वाक्य ऐकावयास गोड असलें, तरी पुढील बहुतेक तंट्यांचें बीज त्यांतच असतें. मालकाला वाटतें, शेजारधर्मानें काम झालें. कारागिराला वाटतें, कष्टाचें मोल मिळालें नाहीं. आणि ब्रेक लागला नाहीं किंवा चाक निखळलें, म्हणजे दोघांनाहि एकदम कायदा आठवतो. मजुरी घेणारा कारागीर आपल्या श्रमाबरोबर एक जबाबदारीहि पत्करीत असतो. ती जबाबदारी किती, हें आधीं समजलें, तरच मजुरी किती, हें नीट ठरवितां येतें.

दुरुस्तीसाठीं गाडी दुसऱ्याच्या हवालीं करणें याला कायद्यांत निक्षेप म्हणतात. एका विशिष्ट हेतूसाठीं वस्तु सोंपवावयाची आणि तो हेतु पुरा झाल्यावर ती परत घ्यावयाची, एवढाच त्याचा अर्थ. १८७२ च्या भारतीय करारकायद्याच्या १४८ व्या कलमांत त्याची व्याख्या आहे. निक्षेपाला दुकान लागत नाहीं, कागद लागत नाहीं. एकानें किल्ली दिली आणि दुसऱ्यानें ती घेतली, कीं तो झाला. १५१ वें कलम सांगतें कीं, सामान्य समजुतीचा मनुष्य तशाच परिस्थितींत तशाच प्रकारच्या व तितक्याच किंमतीच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी वस्तु सांभाळणाऱ्यानें घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनहि नुकसान झालें, तर वेगळा करार नसल्यास १५२ व्या कलमान्वयें तो जबाबदार ठरत नाहीं. कुलूप लावून अंगणांत ठेवलेल्या गाडीवर वादळानें झाड पडलें आणि टप चेपला, तर कारागीर सुटेल. किल्ली आंत ठेवून गाडी रस्त्यावर सोडली आणि ती चोरीस गेली, तर त्याचें सुटणें कठीण आहे.

इंग्लंडांत १७०३ सालच्या एका प्रसिद्ध निकालापासून या काळजीचें प्रमाण निक्षेपाच्या प्रकाराप्रमाणें कमीअधिक मानलें जाई. भारतीय कायद्यानें हा भेद ठेविला नाहीं. १५१ वें कलम सर्व निक्षेपांना एकच माप लावतें. म्हणून ‘पैसे घेतले नव्हते’ एवढ्यानें निष्काळजीपणा माफ होत नाहीं. पैशानें फरक पडतो तो दुसरीकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें विनामूल्य सेवा आपल्या कक्षेबाहेर ठेविली आहे. मोबदला घेतला, म्हणजे नाराज गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट मोकळी होऊं शकते.

दुरुस्तीस आलेली गाडी स्वतःच्या कामासाठीं वापरणें ही तर उघड चूक होय. १५४ व्या कलमाखालीं घोड्याचें उदाहरण दिलेलें आहे. एकानें दुसऱ्याला केवळ त्याच्या स्वतःच्या बसण्यासाठीं घोडा दिला. त्यानें तो घरांतील तिसऱ्या माणसाला दिला. त्या माणसानें घोडा जपून चालविला, तरी घोडा अकस्मात् पडून जखमी झाला. घोडा घेणाऱ्यालाच भरपाई द्यावी लागते. गाडी ‘चालवून पाहतों’ म्हणून बाजाराला नेणाऱ्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

मालक आणि कारागीर यांच्यांतील हिशेब एक वेळ आपसांत मिटतो. रस्त्यावरील तिऱ्हाइताचा हिशेब तसा मिटत नाहीं. इंग्लंडांत १९३९ सालीं निकाल लागलेल्या एका खटल्यांत मालमोटारीच्या चाकाची लोखंडी कड निसटली होती. मालकानें ती एका दुरुस्ती करणाऱ्याकडून बसवून घेतली. परंतु कांहीं तासांतच ती पुन्हां सुटली आणि पदपथावरील पादचाऱ्याला लागली. काम जाणत्या माणसावर सोंपविलें असल्यामुळें मालक निर्दोष ठरला आणि भरपाईचा बोजा दुरुस्ती करणाऱ्यावर पडला. लॉर्ड ॲटकिन यांनीं १९३२ सालीं मांडलेलें तत्त्व या निकालाच्या मुळाशीं होतें: आपल्या कृतीनें ज्याला इजा होईल हें आधींच दिसण्याजोगें आहे, तो कायद्याच्या दृष्टीनें आपला शेजारीच होय. भारतांतील न्यायालयांनींहि हें तत्त्व स्वीकारलें आहे. तेव्हां अंगणांत काम करणाऱ्या कारागिराचा शेजारी केवळ गाडीचा मालक नव्हे. त्या गाडीपुढून रस्ता ओलांडणारें मूलहि त्याचा शेजारीच आहे.

विम्याचा आधार येथें कितपत मिळतो? गोव्यांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं असें ठरविलें कीं, गाडी दुरुस्तीसाठीं दुसऱ्याच्या हवालीं असतां तिच्यामुळें तिऱ्हाईत जखमी झाला, तरी मालकाच्या विम्याची कंपनी जखमीला भरपाई देण्यास बांधलेली आहे. जखमीच्या दृष्टीनें हा आधार मोठा आहे. परंतु त्यामुळें कारागिराचा निष्काळजीपणा पुसला जात नाहीं. शिवाय परवाना नसतां गाडी रस्त्यावर नेऊन पाहणें हा गुन्हाच आहे.

म्हणून कोणतें काम घ्यावें, हा मजुरीपूर्वींचा प्रश्न आहे. इंजिनाचें तेल बदलणें, हवेचा फिल्टर किंवा बॅटरी बदलणें अशा कामांत चूक झाली, तर बहुधा गाडी बंद पडेल. ब्रेक किंवा स्टिअरिंग यांतील चुकीनें जीव जाईल. ब्रेकचीं पॅडें बदलतांना पिस्टन मागें ढकलावा लागतो; त्यानंतर पहिल्या एकदोन वेळां पेडल थेट तळाशीं जातें. तें घट्ट होईपर्यंत दाबून पाहिल्यावांचून गाडी जागची हलवूं नये. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें ठरल्या मापानें आवळावे आणि थोडें अंतर चालल्यावर पुन्हां तपासावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये; स्टँडचा टेकू हवाच. ज्याच्याजवळ हीं साधनें व हा अनुभव नाहीं, त्यानें तें काम नाकारावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आतां मजुरीचा हिशेब. समजा, पुढच्या दोन्ही चाकांचीं पॅडें बदलावयाचीं आहेत. प्रत्यक्ष कामाला दीड तास लागतो. पण सुटे भाग आणावयास एक तास आणि तपासून, चालवून पाहण्यास अर्धा तास जातो. म्हणजे काम तीन तासांचें झालें. तासाला २५० रुपये धरले, तर ७५० रुपये होतात. दहा कामांतील एक काम आपल्या खर्चानें पुन्हां करावें लागतें असें धरलें, तर त्यासाठीं दहावा हिस्सा, म्हणजे ७५ रुपये वाढवावे. ग्रीस, चिंध्या आणि हत्यारांची झीज यांसाठीं आणखी ७५. एकूण ९०० रुपये मजुरी झाली. सुट्या भागांची किंमत निराळी. हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. पण दीड तासाचे ३७५ रुपये घेणारा कारागीर उरलेलें काम फुकट करतो आणि पुढें काम बिघडलें, म्हणजे तें दुरुस्त करण्यास त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. दोष शोधण्यास लागलेला वेळहि मजुरीचाच आहे. दोष सांपडल्यावर मालकानें दुरुस्ती दुसरीकडे करविली, तरी ठरलेली तपासणीची रक्कम त्यानें द्यावी.

रक्कम सांगतांना ती अंदाजाची आहे कीं उक्ती आहे, हें स्पष्ट केलें पाहिजे. उक्ती रक्कम ठरली, तर काम वाढल्याचा तोटा कारागिराचा. अंदाज दिला असेल, तर तो किती वाढल्यावर मालकाला विचारावयाचें तें आधींच ठरवावें. रक्कम ठरली नसली, तरी फुकट करण्याचा हेतु नसलेल्या कामाचा लाभ ज्यानें घेतला, त्यानें त्याचा मोबदला द्यावा, असें ७० वें कलम सांगतें. परंतु मालकाला नाकारण्याची संधीच न देतां केलेल्या जादा कामाचे पैसे त्या कलमाच्या आधारें मागणें अवघड जातें.

मजुरी मिळेपर्यंत गाडी अडकवून ठेवतां येते काय? १७० व्या कलमानें हा हक्क दिलेला आहे. हिरा पैलू पाडून देणारा जवाहिऱ्या मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवूं शकतो. मात्र तीन महिन्यांची उधारी कबूल केलेला शिंपी कोट अडवूं शकत नाहीं. हीं दोन्ही उदाहरणें कायद्यांतीलच आहेत. हा हक्क त्याच गाडीवर, ठरल्याप्रमाणें केलेल्या कामापुरता आहे. मागील बाकीसाठीं किंवा हातउसन्या रकमेसाठीं गाडी अडवितां येत नाहीं.

या सर्वांवर उपाय म्हणून मोठा दस्तऐवज नको. एका चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक, आधींचे ओरखडे, ठरलेलें काम, सुटे भाग कोण आणणार, रक्कम आणि काम बिघडल्यास किती दिवसांत पुन्हां करून देणार, एवढें लिहून दोघांनीं सही करावी. मालकानें स्वतः आणलेला भाग निकृष्ट निघाला, तर तो दोष त्याचा; बसविण्यांतील चूक कारागिराची. काढलेले जुने भाग मालकाला परत दाखवावे. ‘सर्व जोखीम मालकाची’ असें लिहून मात्र कोणी निश्चिंत होऊं नये. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानें त्या चिठ्ठीवर सही केलेली नसते. त्याच्यासाठीं कारागिराला एकच गोष्ट करतां येते: किल्ली परत देण्यापूर्वीं ब्रेकचें पेडल आणि चाकाचे नट आणखी एकदां तपासावे आणि त्या तपासणीचा वेळहि मजुरींत धरावा.