ट्रिप्टेज : रक्तातला पुरावा

शेंगदाणा किंवा कोळंबी खाल्ल्यावर काहींच्या अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब घसरतो. अशा तीव्र ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, मास्ट पेशी ट्रिप्टेज नावाचं विकर रक्तात सोडतात. एक-दोन तासांत ते शिखर गाठतं, मग साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणून पहिला नमुना लवकर घेतात. दुसरा, त्रास पूर्ण ओसरल्यावर किमान २४ तासांनी; त्यातून मूळ पातळी कळते.

वाढ खरी मानण्याचा हिशेब असा : मूळ पातळीची १.२ पट, अधिक २. मूळ पातळी ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर पहिल्या नमुन्यातला ८ किंवा जास्त आकडा अर्थपूर्ण. मग तो लॅबच्या ११.४ या नेहमीच्या मर्यादेत का असेना.

अन्नाच्या ॲलर्जीत मात्र ट्रिप्टेज बरेचदा वाढतच नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी ॲनाफिलॅक्सिसची शक्यता उरतेच. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लक्षणं पाहूनच देतात, रिपोर्टची वाट न बघता.