आमच्या बाई आल्या नाहीत?

तिसरीच्या दारात अनोळखी चेहरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आमच्या बाई आल्या नाहीत?’ ‘नाही’ म्हणताच जो जल्लोष होतो, तो बदली तासाला आलेल्या शिक्षकाने मनाला लावून घेऊ नये. मुलांना सुट्टीचा नुसता वास आलेला असतो.

इथे बहुतेक जण आवाज चढवतात. चाळीस घशांपुढे एक घसा किती पुरणार? त्यापेक्षा पावसाची टाळी घ्यावी. तळहातावर एक बोट, मग दोन, तीन, चार, मग धो धो. आणि तसंच उलट एका बोटापर्यंत. पाऊस थांबतो तेव्हा वर्गही गप्प असतो. ही शांतता मिनिटभरही टिकत नाही, म्हणून काम आधीच फळ्यावर हवं, तेही सर्वांना जमेल असं. हजेरी नंतर घेता येते.

फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटरने ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिलेली असतातच. ती पुसून टाका. मॉनिटरच्या बाकावरचा मित्र त्या यादीत कधीच नसतो, आणि ज्याच्या नावापुढे तीन फुल्या पडल्या त्याला आता कशाची भीती? त्यालाच वह्या वाटायला द्याव्यात.

‘एकीला जाऊ?’ हा दुसरा सापळा. एकाला सोडलं की पाच हात वर. टेबलावर डस्टर ठेवा. जाणाऱ्याने तो दारापाशी ठेवायचा, परत आल्यावर टेबलावर आणायचा. डस्टर जागेवर आला की पुढचा. मात्र खरोखर घाई असलेल्या मुलाला डस्टरची वाट बघायला लावू नये.

‘आमच्या बाई असं नाही करत!’ हे वाक्य बंडाचं वाटतं, पण ती मदत असते. ‘मग कशा करतात? दाखव बघू.’ वर्गाची शिस्त बाईंनी वर्षभर घडवलेली असते. आपण ती तासाभरासाठी उसनी घ्यायची.

कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात बसत नाही, आणि पाणउताराही नाही. बदलीवर आलेल्यालाही त्यातून सूट नाही.

याच कायद्याने प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. त्यांतले एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले की दुसऱ्यांकडे पहिली ते चौथी सगळीच. तिथे पहिलीच्या पोराचं वाचन चौथीच्या ताईने ऐकणं, हाच खरा आधार.

वर्गशिक्षकांना एक विनंती. पुस्तकाचं कितवं पान चालू आहे, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला कोणाशेजारी बसवू नये, एवढं एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवा. रजा सांगून येतेच असं नाही.